अकरा महिन्याचं साल

काय सांगू तुम्हाले, माया बाप सालदार होता, अर्जुनीकडच्या एका मोठ्या कास्तकाराकडं. साल म्हंजे वर्षभराची बोली, पाडव्याले सरे अन् पाडव्यालेच नवी ठरे. पन बाबाचा एक नेम होता, नवी बोली झाली का एक दिस तो कामावर जाये नाही, मालकाचा मानूस बोलवाले आला तरी जाये नाही, खाटेवर पाय पसरून बसे अन् म्हने, आज मी कोनाचाच नाही. माय बडबडे, उद्या काढून टाकलं म्हंजे? तो आयकतच नव्हता.

त्यानंच मले शिकवलं. रक्त-लघवी तपासाचा कोर्स केला अन् सरकारी दवाखान्यात लागली. गावात म्हनत, पोरगी सर्विसवर लागली, लगीन बी त्याच्यावरच जमलं. कंत्राटी आहे हे कोनाले कायले सांगाचं? अकरा महिन्याचा ऑर्डर, मंग एक दिस ब्रेक, मंग पुन्हा अकरा महिने. बाबाले समजावून सांगतलं तर हासला. म्हने, बाई, मायं साल तरी बारा महिन्याचं होतं.

राग आला मले, खोटं कायले बोलू. आमी कंत्राटी सारे ब्रेकच्या दिवशी बी कामावर जावो, हजेरीवर सही नाही, पगार नाही, तरी जावो, काऊन का घरी बसलो तर साहेबाले वाटन, याच्याबिगर बी चालते. बाबा म्हने, येडे आहा का तुमी, कोनाचेच नाही त्या दिवशी बी फुकटात राबून राहिले!

पन एक सुख होतं, दुपारी घरी. पोरगी शाळेतून येये तवा मी घरी, रोवन्याच्या दिवसात धानाच्या बांधीत बी जाता ये. नवरा राईस मिलमध्ये, धान आला तर काम. त्यात घराचं कर्ज, पोरगी बारावी झाली, तिले नर्सिंग कराचं. अन् यंदा ब्रेक झाला, तर नवा ऑर्डरच येऊन नाही राहिला. गोंदियातल्या एका लॅबवाल्या सेठनं बोलावलं. म्हने, बहनजी, परमानेंट रखूँगा, पर सुबह आठ से रात आठ, बीच में घर जाने का नाम नहीं. नवऱ्याले विचारलं, तो म्हने, हप्ता काही थांबत नाही, तूच पाह्य. पाहाचं काय होतं, लागली.

पहिल्या पगारात बाबाले धोतर नेलं. आता तो खाटेवरच राह्यते. लय खुश झाला, येईन त्याले सांगे, पोरगी पक्की झाली. मंग माया हात धरून हळूच म्हने,

“बाई, आता तुया कोनाचीच नाही तो दिस कोनता वो?”

मी म्हनली, बाबा, परमनंटले तो नसते. वाईट वाटलं मले, लय वाईट वाटलं.

असो. पोरीची फी भरून राहिली, हप्ता जाऊन राहिला, तक्रार नाही. तुमच्या लेकरायले देव सुखी ठेवो. आता उठा, मले आठच्या आत पोहचाचं आहे.