‘येतो’चं फंक्शन

आमच्याकडं बदनापुरात नवा कॉम्प्युटर आल्ता, तव्हा मी नुसत्या टाइप केलेल्या वाक्यांवर चालणारा गेम लिहिल्ता. त्यात एक फंक्शन बसवलं: कुणी ‘येतो’ टाइप केलं, की त्याला घरात घ्यायचं अन् चहा पाजायचा.

घनसावंगीचे मामा खेळायला बसले. गेममधल्या घरातून निघून जीप पकडायची होती. मामांनी टाइप केलं, ‘येतो.’ चहा आला. पुन्हा ‘येतो.’ पुन्हा चहा! तेवढ्यात जीप गेली.

“मामा, ‘जातो’ लिहा की!”

“लोकाच्या भरल्या घरातून निघताना ‘जातो’ म्हणू? अक्कल हाय का न्हाई तुला?”

मामा भडकून उठले, पायात चप्पल सरकवली अन् दारातून ओरडले, “अक्का, येतो गं!”

आतून आई म्हणाली, “थांब रे, चहा टाकलाय.”