शेजारचे गिनी पिग आणि माझा फ्रिज

गल्लीत कोणाकडे काय आलं ते मला सगळ्यांत आधी कळतं, म्हणून तुम्ही हसता ना? मग हे ऐका. शेजारची सुनीता माहेरी जानेफळला निघाली आणि लेकीचे दोन गिनी पिग पिंजऱ्यासकट माझ्याकडे ठेवून गेली. सशासारखाच जीव, फक्त कान आखूड. जाताना बजावलं, “काकू, कांदा-आलू चुकूनही देऊ नका, मरतीन बिचारे. गवत, काकडी, सांबार अन् शिमला मिरची द्या.”

दुसऱ्याचा जीव सांभाळायचा म्हणून मी तो सांबार, म्हणजे आपली कोथिंबीरसुद्धा निवडून, धुऊन द्यायची. आमचे हे बघत बसायचे.

“मुक्या जिवाले मिरची काऊन चारतं वं?”

“शिमला मिरची तिखट नसते हो.”

“मंग मलेच तेवढी तिखट चारतं का?”

पुढे त्या दोघांना फ्रिजचा आवाज ओळखू यायला लागला. दार उघडलं की अशी शिटी मारायचे, की मी कुकर समजून गॅस बंद करायला धावायची. समोरची बेबीबाई शिटी ऐकून ओट्यावरून ओरडायची, “काय आणलं वं आज?” रात्री पाण्यासाठी दार उघडलं तरी शिटी; झोप नाही, काही नाही.

शेवटी सुनीता आली आणि दोघांना धडधाकट घेऊन गेली. हुश्श करून मी आडवी झाले. उठले, पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर भिंतीपलीकडून शिटी! पाठोपाठ सुनीता, “काकू, काकडी आणली वाटते!”

तेव्हापासून मी माठातलंच पाणी पिते.