आत्याचा डावा हात

— आणि तो हात आधी खाली घे. सगळ्या अंगणासमोर डावा पंजा पुढे करून उभी राहिलीस, जशी काही मी इथे तांदूळ वाटत बसलेय. निरोपाचा डावा देणार नाही म्हटलं ना मी, एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं — आता काय ढोल बडवून सांगू? तुझ्या बापाने दिला, तुझ्या आईने दिला, त्या पलीकडच्या घरातल्या बाईनेसुद्धा दिला, जिला आजवर तिदा हे तुझं नाव धड घेता येत नाही — झालं की मग. एका आत्याचा राहिला म्हणून विमान थांबणार आहे का? नाही थांबणार. तो डेंबा टॅक्सी घेऊन फाटकाशी उभा आहे, घटकेघटकेला भोंगा वाजवतोय — बघ, वाजवला. वाजवू दे. आणि तू सरक तिकडे, चुलीच्या तोंडाशी उभी राहू नकोस, वारा अडतो. दाण्याचं कालवण आहे हे, नजर हटली की तळाला लागतं.

बसलीस? बस, बस. जायची घाई असलेली माणसं बसत नाहीत, पण बस. मला कुठे कळलं माहितीय तुला? नळावर. सगळं ब्रिकामा गाव जिथे तोंड धुवायला येतं त्या नळावर. बादली भरत होते, मागून कोणीतरी म्हणालं, न्यीमा, तुमची तिदा घानाला चालली ना. मी काय म्हणाले असेन? म्हटलं, हो तर, मीच पाठवतेय. सोमवारच्या रोज्यात खोटं बोलले मी — तो अख्खा रोजा वाया गेला तुझ्या पायी. बापाच्या बहिणीला आधी विचारायचं असतं, मानाच्या पांढऱ्या कोलाच्या बिया पानात गुंडाळून आणायच्या असतात, तिच्यासमोर ठेवायच्या असतात. तुझा बाप आला सगळ्यांच्या शेवटी, शिक्के मारून झाल्यावर, तिकीट आल्यावर, रिकाम्या हाताने आला आणि इथे उभा राहून पायाने माती उकरत बसला. लहानपणी कोंबडी हरवून आला की असाच उकरायचा. — काय? मी नाही म्हटलं असतं? अर्थात नाही म्हटलं असतं. विचारतात ते काय हो ऐकायलाच? — हो, हो, आधी बोललो असतो तर, समजावलं असतं तर — आत्याला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. आता राहू दे.

आणि ते गुरुवारचे रोजे तुझ्यासाठी नव्हते. तुझी आई सांगत सुटलीय, आत्याने पोरीच्या परीक्षेसाठी गुरुवार धरले म्हणून. माझ्या गुडघ्यासाठी धरले होते. निकाल लागला त्याच गुरुवारी सोडले, कारण — कारण त्याच दिवशी गुडघा हलका वाटला. हसू नकोस. गुडघ्याला काय माहीत निकाल कधी लागतो ते.

झाडं शिकायला चाललीस म्हणे. चार वर्षं झाडं. इथे झाडं नव्हती? हा आंबा काय बकरीचा गोठा आहे? बरं, झाडं तर झाडं, अख्खं जग पडलंय झाडांचं — आणि तुला सापडली ती घानातल्या कुमासीतच. माझ्या कुमासीत. माझ्या म्हणजे, मी तिथे अकरा वर्षं काढली एवढंच, त्यात माझं काही नाही. बाकारीचा कोलाचा धंदा होता, नवरा जिथे तिथे मी. आता ऐक, सांगते ते ऐकून घे, पुन्हा सांगणार नाही. आणि सांगतेय ते तुझ्यावर माया आहे म्हणून नाही, तिकडे तू माती खाल्लीस की लोक विचारणार कुणाच्या घरची, म्हणून.

माणसं बसलेली असतील तिथे गेलीस तर उजव्या टोकापासून एकेकाची विचारपूस करत जायचं. ओळखीचं कोण आहे बघून मधूनच सुरू केलंस की झालं, बाकीच्यांच्या लेखी तू मेलीस. ते कंद कुटून केलेलं पांढरं फुफू समोर आलं की गोळा मोडायचा, रस्स्यात बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. चावलास की शेजारची कोपराने ढोसणार आणि उद्या गल्लीभर तुझी नक्कल होणार. शनिवारी तांबडं नेसून बाहेर पडू नकोस, शनिवारी तिकडे मयती असतात, अर्धं शहर काळं-तांबडं नेसून निघतं. तू नटून निघालीस की कोण गेलं म्हणून गळ्यात पडतील, आणि मग रड बसून कुणासाठी तरी. आणि कोणी विचारलं, कुठल्या वारी जन्मलीस, तर सांगू नकोस. तिकडे वाराचं नाव चिकटवतात माणसाला. तुझ्या नावाला मेंढा कापलाय, डोकं भादरताना माझ्या मांडीवर होतीस, केवढी केकाटली होतीस — आणि तिकडची कोणी भाजीवाली उठणार आणि तुला गुरुवारची म्हणून याआ म्हणणार. मला तिकडची एक टोमॅटोवाली अकोसुआ म्हणायची. रविवारची. पार टोमॅटोच्या रांगेच्या त्या टोकावरून हाक मारायची, अकोसुआऽऽ — आणि मी मूर्ख, वळायचे. अजून कधी रविवारी मागून कोणी — असो. लाकूड सरकव ते आत. आत, बाहेर नाही. हीच का झाडं शिकणार.

आणि डावा हात. नीट ऐक. आपल्याकडे डावा तो डावाच, आपण त्याने जेवत नाही, देत नाही, घेत नाही. पण तिकडे त्याहून कडक. डाव्याने रस्ता दाखवला तरी समोरचा तोंड फिरवतो. उजव्या हातात ओझं असलं आणि डावा पुढे करायची वेळ आलीच, तर आधी माफी मागायची, डावा आहे, राग धरू नका म्हणायचं, आणि मग करायचा. न बोलता केलास तर तू त्याच्या आईबापाला शिवी दिलीस. कळलं? — नाही, हे वेगळं. हे निरोपाचं वेगळं, ते त्यांच्यात नाही. तुला तरी ठाऊक आहे का गं, आपण लांब जाणाऱ्याला डावा का देतो ते? नुसता पंजा पुढे करून फिरतेयस घरोघर. मुद्दाम चूक करतो आपण. जाणाऱ्याच्या हातात चूक देतो. मग ती सुधारायला त्याला परत यावं लागतं, समोर उभं राहून उजवा द्यावा लागतो. चूक अर्धी टाकून माणूस राहत नाही, असं म्हणतात. म्हणतात, हं. मी नाही म्हणत.

कारण मी दिलाय. दिला होता एकदा, मनापासून दिला होता, आणि त्यानंतर या हाताने कुणाला निरोप दिला नाही, माझ्या पोटच्या सुलेमानलासुद्धा उजव्याने वाटेला लावला. सगळं घर नावं ठेवत होतं. तो येतो दर बकरीदेला, आला ना? उजव्यावर येतो. या डाव्याला गुण नाही, तिदा. हट्ट नको करूस.

— कुणाला म्हणजे? त्या टोमॅटोवालीलाच. सेरवा. नाव काय विचारतेस, नावाने काय होणार आहे. चर्चला जाणारी बाई, गळ्यात एवढा क्रूस, आणि रमजानात मला पहाटेच्या जेवणाला ती उठवायची. स्वतःच्या घरातून निघायची अंधारात, माझ्या दारावर थाप मारायची, ऊठ गं बाई, तुझा देव जागा झाला आणि तू झोपलीस. स्वतः एक दिवस उपाशी राहिली नाही जन्मात, पण माझा एक रोजा चुकू दिला नाही तिने. बाकारी तापाने पडला तेव्हा — जाऊ दे. बाकारी गेला, मग मला न्यायला तुझा बाप आला, मिसरूडही फुटलं नव्हतं धड. गाठोडी बांधली आणि बाजारात गेले तिचा निरोप घ्यायला. सगळी टोमॅटोची रांग बसलेली, तिच्या जावा, नणंदा, त्या रांगेची मुखत्यार म्हातारी, सगळ्या. आणि मी डावा पुढे केला. अकरा वर्षं राहिले होते, मला काय माहीत नव्हतं तिकडे डाव्याचं काय ते? होतं. पण म्हटलं, ही सेरवा आहे, हिला वेगळं काय सांगायचं, हिला कळेल. हिला नाही कळणार तर कुणाला कळेल? तिने हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग आपले दोन्ही हात पाठीमागे नेले, असे, आणि म्हणाली, येते मी. तिकडे कायमची जाणारीसुद्धा येतेच म्हणते. गर्दीत शिरली. मी गाडीतळावर बसून राहिले, तुझा बाप गाठोड्यावर बसून चणे खात होता, मी तिची वाट बघत होते. गाडी सुटली.

चूक तिची. अकरा वर्षांत माणूस ओळखता येऊ नये? एवढ्या बायकांसमोर मला — मला की तिला, आता काय. पण विचारायचं तरी होतं एकदा, अकोसुआ, हे काय केलंस. एवढं विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. त्या हातावर मी परत येणार होते, तिदा. कोला विकायला का होईना, वर्षा-दोन वर्षांनी जाणार होते, तिच्यासमोर उभी राहणार होते. पण ज्याने शिवी घेतली त्याच्याकडे उजवा घेऊन कोणत्या तोंडाने जायचं? आणि मग तू म्हणतेस, आत्या, दे ना डावा. अर्धी राहिलेली चूक चिकटलीय या हाताला. तुझ्या हातात देऊ? तू तिकडेच राहिलीस तर, तिकडचाच कोणी लाकूडवाला धरलास तर, तुझ्या बापाला काय सांगू, मीच दिला म्हणून? खाटेचं म्हणशील तर मला काही नाही, खाट मोठी होईल, पंधरा वर्षं तुझ्या लाथा खाल्ल्या, आता पाय पसरून झोपेन.

— काय म्हणालीस? पुन्हा म्हण.

तिला उजवा तू देणार? तू कशाला देणार? तुझा काय संबंध? एक तर ती असेल की नाही, बाजार पाडून नवा बांधला म्हणतात, कोण कुठे फेकलं गेलं असेल. आणि असली तर तुला काय ओळखणार — नाही, ते खरं, नाक माझंच आहे तुझं, ते तुझ्या आईला कधी आवडलं नाही. पण तिच्या घरी जायचं नाही. मशिदीच्या मागच्या गल्लीत शिरायचंच नाही. पाण्याच्या टाकीपाशी गल्ली फुटते, तिथून उताराला लागलं की पेरूचं झाड होतं, त्याला लागून निळं दार — तिथे जायचं नाही, सांगून ठेवते. आणि समजा गेलीसच, तुझं काय, ऐकतेस कुणाचं, तर दारात उभी राहून आधी घरच्यांची विचारपूस कर, भुतासारखी आत घुसू नकोस. आणि उजवा दे. आधी उजवा पुढे कर, मग तोंड उघड. माझा म्हणून नको देऊस. नाही — म्हणजे — न्यीमाने पाठवला असं म्हणू नकोस, न्यीमाची भाची आहे एवढं म्हण. नाही, अकोसुआची म्हण. न्यीमा तिला आठवणार नाही. ती काही बोलली तर मला कळवू नकोस. फोन करशील तेव्हा करशील, पण मुद्दाम त्याच्यासाठी करू नकोस, पैसे झाडाला लागत नाहीत, तू शिकून आलीस की सांग कुठल्या झाडाला लागतात ते.

बास झालं. ऊठ. तो डेंबा आता भोंगा मोडेल. — नको, पाया पडू नकोस, ढवळताना धक्का लागेल. उजवा? आता उजवा मागतेस? दिसत नाही का उजव्यात काय आहे? तेल सुटायला आलंय, हात थांबला तर संध्याकाळी सगळं घर जळकं जेवेल. मोकळा आहे तो हा. हा एवढाच मोकळा आहे, म्हणून. धर. मोकळा होता म्हणून दिला, वाटेत विमानात बसून त्याचा अर्थ काढत बसू नकोस. अगं, एवढा घट्ट — बोटं आहेत, लाकडं नाहीत. सोड. सोड आता. परत येशील तेव्हा बघू उजव्याचं. — काय? मी कुठे काय म्हणाले? काही म्हणाले नाही मी. कालवणाला बोलले. निघ.