नाथादांचं दार

कराडच्या स्टँडवर पाटणच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारी आणि तिच्या गावचा सुतार बसले होते.

"चांदभाई, परवा म्हणलं ते, आमचं जुनं दार नव्या घराला बसंल का?"

"सागवान हाय, रंगूवैनी, लय टिकंल. पर नवी चौकट बारकी हाय. दार कापावं लागंल."

"मग कापा."

"पोराला इचारलंसा?"

"उदय म्हणतो, भंगारात घाल. डोंगर खाली आला तवा तो लडाखला ड्युटीवर हुता. जखमी बापाला ह्याच दारावर घालून वढ्यापार न्हेलं, एवढंच त्यानं ऐकलंय. दार बगितलं की तोंड फिरवतो."

"म्होरल्या टोकाला मीच हुतो, वैनी."

"म्हणून तर तुमास्नी इचारते. वाटंत ते कायतरी बोललं हुतं. पावसात मला ऐकू आलं न्हाई."

"नाथादा म्हणलं, चांद, दमलास गड्या. जरा खाली टेकव."

"टेकवलंसा?"

"न्हाई वैनी. पाणी चढत हुतं. तसाच चालत ऱ्हायलो. पलीकडं पोचलो तवा नाथादा गेलं हुतं."

"आजपातूर बोलला न्हाईसा."

"धीर झाला न्हाई. काल दाराचं इचाराया उदयला फोन केला, तवा त्याला पयल्यांदा सांगितलं."

"काय म्हणला?"

"पयलं दाराचं माप इचारलं. मग म्हणला, चाचा, दार कापू नगा. भिंत फोडा."