लोधिवलीच्या लग्नाचे फोटो

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, सतरंजीवर जागा आहे. लोक दारात ताटकळलेले नंदाताईंना स्वतःच्या शोकसभेतही चालले नसते. मी रेश्मा. ताईंच्या भिसेगावच्या फोटो स्टुडिओत अल्बम बनवते. ताईंशी मी रोज भांडले, तेव्हा शब्द कधी कमी पडले नाहीत. आज पडतायत. तरी बोलणार, कारण मी गप्प बसलेलं त्यांना आवडलं नसतं.

ताईंचा एक हट्ट होता. गिऱ्हाईक जसं नाव सांगेल, तसंच फोल्डरचं नाव. मधल्या मोकळ्या जागांसकट. आम्ही म्हणायचो, ताई, शब्द जोडून टाकू. फोल्डर हलवायला, पुसायला आपण बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहितो ना, तिला मोकळी जागा दिसली की नाव तिथंच संपलं असं वाटतं. ताई म्हणायच्या, मग नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घाला, कळतं तिला. माणसांनी आपली नावं मशीनच्या सोयीनं का बदलायची?

आणि मंडळी, ती चिन्हं एकदा कोण विसरलं? खुद्द ताई. लोधिवलीच्या अश्विनीचं लग्न होतं. निवडलेले फोटो ‘लोधिवली’ या फोल्डरमध्ये, बाद केलेले ‘लोधिवली नको’मध्ये. लग्नसराईची घाई. ताईंनी बाद फोल्डर पुसायची ओळ लिहिली आणि चिन्हं राहिली. मशीननं पहिला शब्द वाचला, नाव संपलं असं धरलं आणि चांगले फोटो पुसून टाकले. कॅमेऱ्याचं कार्ड आधीच रिकामं केलेलं. त्यात लग्नानंतर थोड्याच दिवसांत अश्विनीचे वडील वारलेले. लेकीची पाठवणी करतानाचे त्यांचे शेवटचे फोटो तेवढेच होते.

ताई रडत बसल्या नाहीत. मशीन तिथल्या तिथं बंद केलं, कुणाला हात लावू दिला नाही. पुसलेल्या फोटोंच्या जागी नवं काही साठलं नाही, तर ते परत मिळवता येतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याआधी त्या लोधिवलीला निघाल्या. मी म्हटलं, आधी मिळतात का बघू, मग सांगू.

तर म्हणाल्या, "चूक माझी आहे, रेश्मा. ती त्यांना माझ्या तोंडून कळू दे."

परत येऊन डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि बसल्या. फोटो आले. सगळे नाही, पण वडिलांचे आले.

आम्हाला वाटलं, आता तरी ताई नावं जोडतील. कसलं काय! नावं तशीच राहिली, ताईंनी फाइल बदलली. आता ती पुसण्याआधी फोल्डरचं पूर्ण नाव पडद्यावर दाखवते आणि थांबते. आपण हो म्हटल्याशिवाय काही पुसत नाही. आधी बोलून दाखवायचं, मग हात लावायचा, असं ताई आम्हाला बजावायच्या. स्टुडिओ उद्या उघडणार आहे आणि काम त्यांच्याच पद्धतीनं चालणार आहे. त्याची काळजी कुणी करू नये.

अश्विनी आज आलीय. मघाशी दारात माझा हात धरून म्हणाली, "ताईंनी माझा बाबा परत आनून दिला गं. आता ताईंना आमी कुठून आनायचं?"

मंडळी, उभे राहू या. एकेकानं पुढे येऊन ताईंना फूल वाहा.