मक्याची जागा

वॉशिंग्टनला संसदेच्या तळघरात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे अंतराळयानाचा अभियंता आणि त्याची प्रमुख, मार्गो, उभे होते. दुपारी निधीचं मतदान होतं.

"वेंडेल, एक मत कमी पडतंय. यानाचं काम गुंडाळावं लागेल. ज्या खासदारांचं मत हवंय, त्यांच्या भागात आपला साधा स्क्रूसुद्धा बनत नाही."

"तिथे फक्त मका पिकतो गं."

"मग मका घेऊ."

"यानात?"

"चाचणीच्या उड्डाणात खुर्च्यांवर माणसांऐवजी काय ठेवतोस?"

"वाळूची पोती."

"आता मक्याची ठेव. थांब, फोन लावते."

ती बाजूला जाऊन बोलून आली.

"मत मिळालं! अट एकच. पुढे माणसं गेली, तरी मका उतरवायचा नाही."

"अगं, मग माणसं बसणार कुठे?"

"ते पुढच्या वर्षीच्या निधीत बघू."