अण्णांनी दिलेले मार्क

अरे, त्या एआयचं कौतुक मला नका सांगू! हिंजवडीत आमची टीम तेच बनवते. ऑपरेशननंतर पेशंटची नाडी, ताप, रिपोर्ट सगळं कॉम्प्युटरला द्यायचं, आणि त्याने डॉक्टरांना सांगायचं की याला घरी सोडा, याला नको.

तर आमचे सासरे, अण्णा, पोटाच्या ऑपरेशनसाठी नेमके आमचं सॉफ्टवेअर असलेल्या हॉस्पिटलातच दाखल. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने विचारलं, "आजोबा, दहापैकी किती दुखतंय?"

"पाच."

सिस्टरने पाच टाकले आणि स्क्रीनवर हिरवं आलं. धोका कमी, घरी सोडा. मी कॉलर ताठ करून उभा. तेवढ्यात सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "अहो, यांनी पाच दिले? माझ्या पुरणपोळीला लग्नापासून चार आहेत! यांचे पाच म्हणजे लोकांचे दहा. आधी पोट बघा."

डॉक्टरांनी हसत हसत सोनोग्राफी केली आणि त्यांचं हसू थांबलं. आत पू झाला होता. वेळेत काढला म्हणून निभावलं.

पुढच्या आठवड्यात घरी निघताना मी विचारलं, "अण्णा, आमच्या सॉफ्टवेअरला किती?"

"तीन. ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसवा त्याला."

"आणि आईंना?"

अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "नऊ."

सासूबाई दारातूनच ओरडल्या, "डॉक्टर, यांना परत आत घ्या!"